'घरीच असते': एका आकड्याचं प्रकरण

३१ मे २०१९. नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी होऊन जेमतेम एक दिवस झाला होता, आणि सांख्यिकी मंत्रालयानं एक अहवाल प्रसिद्ध केला. जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षातला देशाचा बेरोजगारी दर ६.१ टक्के. खेड्यात ५.३, शहरात ७.८.

आकडा मात्र कोणालाच नवा नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं हा अहवाल डिसेंबर २०१८ मध्येच मंजूर केला होता, पण तो बाहेर येईना. जानेवारीच्या अखेरीस आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. लगेच ३१ जानेवारीला 'बिझनेस स्टँडर्ड'नं फुटलेला अहवाल छापला आणि 'पंचेचाळीस वर्षांतली सर्वाधिक बेकारी' हे शब्द देशभर झाले. पाच-सहा वर्षं आधी, २०११-१२ च्या पाहणीत, हाच दर २.२ होता. सरकारचं म्हणणं आधी असं की, हा मसुदा आहे, त्याची पडताळणी व्हायची आहे. आणि निवडणूक झाल्यावर असं की, मोजण्याची पद्धत बदलली आहे, जुन्याशी तुलना करू नका.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. पुढचा भाग फारसा कोणी पाहिला नाही. हाच दर पुढे दरवर्षी उतरत गेला: ५.८, ४.८, ४.२, ४.१, आणि २०२२-२३ मध्ये ३.२. त्याच्या पुढच्या वर्षीही ३.२. सहा वर्षांत बेकारी जवळजवळ निम्मी झाली. आकडा लपवला गेला तेव्हा गदारोळ झाला. तो खाली आला तेव्हा एका बाजूनं टाळ्या वाजवल्या आणि दुसरीनं 'खोटा आहे' म्हणून सोडून दिला. मला तो खोटा वाटत नाही. त्यात नेमकं काय मोजलं आहे हे न विचारताच तो वापरला जातो, ही खरी अडचण आहे.

आकडा कुठून येतो

एक गैरसमज आधी काढून टाकू. पूर्वी दहावी-बारावी झाली की पोरं 'एम्प्लॉयमेंटला नाव घालायला' जिल्ह्याच्या गावी जायची. सेवायोजन कार्यालयातल्या त्या कार्डांची बेरीज म्हणजे देशाची बेकारी, असं अजून कित्येकांना वाटतं. तसं नाही. हा आकडा घरोघरी जाऊन केलेल्या नमुना पाहणीतून येतो. एप्रिल २०१७ पासून तिचं नाव नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, बोलीभाषेत पीएलएफएस. २०१७-१८ मध्ये अन्वेषक १,०२,११३ घरांत गेले आणि ४,३३,३३९ माणसांची माहिती त्यांनी टिपली. त्याआधी १९७२-७३ पासून साधारण दर पाच वर्षांनी अशी मोठी पाहणी व्हायची. 'पंचेचाळीस वर्षं' हा हिशेब तिथून आला.

भागाकार सोपा आहे. वर बेकारांची संख्या. खाली श्रमबल, म्हणजे काम करणारे अधिक बेकार. जो काम करत नाही आणि कामाला तयार असल्याचंही सांगत नाही, तो श्रमबलाच्या बाहेर, म्हणून या भागाकाराच्याही बाहेर. माणूस बेकारांच्या यादीतून दोन वाटांनी जातो: काम मिळून, किंवा काम मागणं सोडून. दर दोन्ही वेळा खालीच येतो.

आता 'काम करणारा' कोण? या प्रश्नाचं एकच उत्तर द्यायला आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच नकार दिला गेला होता. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९७० साली सांगितलं की, ज्या देशात बहुतेक लोक पगारी नोकर नाहीत, तिथं बेकारीचा एकच आकडा काढणं बरोबर नाही. त्यातूनच पुढे तीन मापं आली. पहिलं वर्षाचं: गेल्या ३६५ दिवसांत माणूस जास्तीत जास्त वेळ काय करत होता. दुसरं आठवड्याचं: गेल्या सात दिवसांत कुठल्याही दिवशी निदान एक तास काम केलं का. तिसरं दिवसाचं: त्या सात दिवसांतला एकेक दिवस अर्ध्या-अर्ध्या भागांत मोजायचा आणि माणसांऐवजी रिकामे गेलेले दिवस धरायचे.

एका तासाची ही अट ऐकली की लोक चिडतात. ती कुठल्या एका सरकारनं शोधलेली पळवाट नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मानकांतही ती आहे. शिवाय सगळीकडे ठळक अक्षरांत छापल्या गेलेल्या ६.१ आणि ३.२ या आकड्यांशी त्या तासाचा संबंध नाही. ते वर्षाच्या मापाचे आकडे आहेत, आणि वर्षाच्या मापात याहून रुंद दार आहे. मुख्य कामाखेरीज वर्षात तीस दिवस किंवा अधिक काळ काही दुय्यम काम केलं असेल, तर तोही माणूस कामकरी धरायचा. मुख्य आणि दुय्यम एकत्र करून जो दर निघतो, तोच मथळ्यात येतो.

एक घर, दोन उत्तरं

हे दार कसं उघडतं ते पाहायला एक घर घेऊ. घर मी मांडलेलं आहे, पण बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात अशी घरं शोधावी लागत नाहीत. तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस. दारात दोन म्हशी. बाप पंचावन्नचा, आई पन्नाशीची. मुलगा सव्वीस वर्षांचा, बी.ए. झालेला, पुण्यात दोन वर्षं अभ्यासिकेत काढून पैसे संपल्यावर गावी परतलेला, अजून एमपीएससीचं म्हणतो. मुलगी एकवीसची, बारावी होऊन घरी.

अन्वेषक टॅबलेट घेऊन ओसरीवर बसतो. उत्तरं बाप देतो. बहुतेक घरांत घरच्या सगळ्यांच्या वतीनं एकच जण बोलतो, आणि तो सहसा पुरुष असतो. बापाचं काम सरळ आहे: स्वतःची शेती, कोड ११. मग प्रश्न येतो, "आणि मावशी काय करतात?"

"ती? ती घरीच असते."

या तीन शब्दांवर सगळं प्रकरण फिरतं. अन्वेषकानं ते तसेच घेतले, तर आईला कोड ९२, नुसतं घरकाम. बांधावरचं गवत आणते, सरपण गोळा करते एवढं कळलं, तर कोड ९३: घरकाम आणि घरच्या वापरासाठी फुकट मिळणाऱ्या वस्तू गोळा करणं. दोन्ही कोड श्रमबलाच्या बाहेरचे. पण अन्वेषक मुरलेला असला, तर तो एक प्रश्न जास्त विचारतो. "म्हशींचं कोण बघतं?" "तीच की. पहाटे धारा काढते, डेअरीला मी घालतो." "कापूस वेचायला?" "घरचेच सगळे." झालं. आईला दुय्यम काम मिळालं. कोड २१, घरच्या उद्योगात बिनपगारी मदतनीस. तीस दिवस सहज भरतात. आई कामकरी झाली.

त्याच पहाटेचं गवत ९३ मध्ये आणि तेच गवत खाऊन म्हशीनं दिलेलं दूध २१ मध्ये. व्याख्येच्या दृष्टीनं यात चूक नाही. दूध विकलं जातं, घरचा स्वयंपाक विकला जात नाही. पण आईच्या दिवसात कोणत्या क्षणी कोड बदलला, हे तिला विचारून पाहा.

मुलगा जास्त अवघड. काम करत नाही, मिळालं तर हवं आहे. म्हणजे कोड ८१, बेकार. इथं एक गोष्ट भारतीय व्याख्येच्या बाजूनं सांगायला हवी: पुष्कळ देशांत काम शोधत असल्याचं दाखवावं लागतं, तरच माणूस बेकार; आपल्या वर्षाच्या मापात नुसती तयारी असली तरी पुरते. थकून शोधणं सोडलेला माणूस कागदोपत्री आपण गाळत नाही. पण हाच मुलगा पेरणीला, फवारणीला आणि वेचणीला मिळून चाळीस दिवस बापाबरोबर शेतात असतो. रानात हात लागतात, आणि घरी बसून खातो असं भावकीनं म्हणू नये म्हणूनही तो जातो. चाळीस म्हणजे तीसपेक्षा जास्त. दुय्यम काम, कोड २१. बी.ए. झालेला, परीक्षेची वाट बघणारा हा मुलगा मथळ्यातल्या हिशेबात कामकरी आहे.

मुलगी शेजारणींच्या साड्यांना फॉल-पिको करून देते, लग्नसराईत जरा जास्त. बापाला ते काम वाटत नाही, म्हणून तो सांगत नाही. विचारलं तर तीही स्वयंरोजगारी.

आता हिशेब करा. पहिल्या फेरीत, 'घरीच असते' हे उत्तर जसंच्या तसं घेऊन आणि मुलाचे चाळीस दिवस न विचारता: बाप कामकरी, मुलगा बेकार, बायका बाहेर. श्रमबलात दोघं, त्यातला एक बेकार. या घराचा बेरोजगारी दर ५० टक्के. दुसऱ्या फेरीत, सगळं खोदून विचारल्यावर: चारही जण कामकरी. दर शून्य. घरात एक रुपया जास्त आला नाही, कोणाला नोकरी लागली नाही, म्हशी तेवढ्याच. आणि गंमत अशी की दुसरी नोंद पहिलीपेक्षा जास्त खरी आहे, कारण आई खरोखरच राबते. तिची मेहनत न मोजणं हा जुना अन्याय होता. ती मोजली की बेकारी नाहीशी होते, असा हा पेच आहे.

शंभर माणसांचं गाव

एका घराचं झालं, देशाचं काय? पीएलएफएसचेच आकडे पंधरा वर्षांवरच्या शंभर माणसांच्या गावात उतरवले तर चित्र हातात येतं. (या वयोगटासाठी २०१७-१८ चा दर ६.०, प्रसिद्ध झालेला ६.१ हा सर्व वयांचा.)

२०१७-१८ मध्ये या शंभरांपैकी साधारण ४७ जण कामावर, ३ बेकार, ५० श्रमबलाच्या बाहेर. २०२३-२४ मध्ये ५८ कामावर, २ बेकार, ४० बाहेर. बेकार तीनावरून दोनावर आले, ही एका माणसाची घट. खरी उलथापालथ दुसरीकडे आहे: बाहेर बसलेल्यांतले दहा जण आत आले, आणि जवळजवळ सगळे थेट 'कामावर' म्हणून.

हे अकरा नवे कामकरी करतात काय? कामाच्या प्रकारांची टक्केवारी अहवालात आहेच; ती या गावाला लावली की ढोबळ उत्तर मिळतं. घरच्या उद्योगातले बिनपगारी मदतनीस सगळ्या कामकऱ्यांत १३.६ टक्के होते, ते १९.४ झाले, गावात साडेसहाचे सव्वाअकरा. म्हणजे पाच नवे. स्वतःचं काहीतरी करणारे साडेचार वाढले. नियमित पगारवाले दोन वाढले. रोजंदारीवरचे जिथल्या तिथं.

अकरापैकी साडेनऊ स्वयंरोजगारात, त्यातले निम्म्याहून जास्त बिनपगारी. आत आलेले कोण, तेही स्पष्ट आहे. ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत दुप्पट व्हायला आला. 'घरीच असते' म्हणून ९२-९३ मध्ये बसलेली आई २१ मध्ये आली.

का आली, यावर तीन उत्तरं दिली जातात. गॅस, नळ, बचत गट यांनी वेळ आणि भांडवल दिलं, असं सरकारी बाजूचे अर्थतज्ज्ञ म्हणतात. घरची मिळकत घटली म्हणून बायकांना हात लावावा लागला, असं दुसरे म्हणतात. तिसरं उत्तर सगळ्यात कमी चर्चेचं: प्रश्न आता जास्त नीट विचारले जातात. माझा कल दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मिश्रणाकडे आहे. गॅसनं सुटलेला वेळ खरा, पण तो वेळ मजुरीच्या किंवा पगाराच्या कामाकडे फारसा गेलेला दिसत नाही. तो घरच्याच रानात गेला. त्याच काळात शेतीवरच्या कामकऱ्यांचा वाटाही घटण्याऐवजी ४४ टक्क्यांवरून ४६ वर गेला. विकास होताना माणसं शेतीतून बाहेर पडतात असं शाळेपासून शिकवतात, त्याच्या हे उलट आहे.

या प्रकरणातला सगळ्यात चमत्कारिक उतारा कोविडच्या वर्षाचा आहे. २०१९-२० ची पाहणी जुलै ते जून. तिच्या शेवटच्या तीन महिन्यांत टाळेबंदी होती. माणसं रेल्वेच्या रुळांवरून चालत गावी गेली ते हेच महिने. त्या वर्षाचा बेरोजगारी दर ५.८ वरून ४.८ वर आला. उतरला! आणि त्याच पाहणीच्या आठवड्याच्या मापानं, फक्त शहरांत, एप्रिल ते जून २०२० चा दर जवळजवळ २१ टक्के होता. दोन्ही आकडे त्याच खात्याचे. वर्षाच्या मापाला तीन महिन्यांचा आघात दिसत नाही, कारण ते 'जास्तीत जास्त वेळ काय केलं' असं विचारतं. आणि गावी परतलेला माणूस भावाच्या शेतात उतरला, की २१ हा कोड तयारच असतो.

त्या लोकांनी स्वतः काय सांगितलं, ते वेगळ्या वहीत सापडतं. २०२०-२१ मध्ये मनरेगावर देशभरात ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. आदल्या वर्षी २६५ कोटी. त्याच २०२०-२१ चा बेरोजगारी दर आणखी उतरून ४.२. महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. वि. स. पागे यांनी मांडलेली आणि १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली रोजगार हमी याच समजुतीवर चालत होती की, ज्याला कामाची गरज आहे त्याला बेकार आहेस का असं विचारू नका, काम काढा आणि कोण येतं ते पाहा. उन्हात खडी फोडायला कोणी हौसेनं येत नाही. हजेरीपटाची ही मोजणीही अपुरी आहे (काम काढलंच नाही तर हजेरी कुठली?), पण ती निदान ओसरीवर बसून बापाला विचारावी लागत नाही.

बंद घर

मांडलेल्या घराशेजारी एक घर राहिलं. दिवाळीनंतर अन्वेषक आला तर त्याला कुलूप दिसेल. नवरा-बायको ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेत, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, साखर कारखान्याच्या कडेला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून. घराला कुलूप असलं की त्याच्या जागी दुसरं घर घेतात. नमुन्याचा आकडा भरतो, ते घर जातं. कोपीवर त्यांना कोणी गाठलं तर नियमानं नोंद होऊ शकते, कारण उघड्यावर पण एकाच जागी टिकून राहणाऱ्यांना पाहणीत घेतात. ठिकाण बदलत फिरणाऱ्यांना मात्र घेत नाहीत. टोळी आठवड्यागणिक फड बदलत असेल तर ती कुठल्या बाजूला, हे समोरच्या अन्वेषकानं ठरवायचं.

पावसाळ्यात ते घरी सापडले, तरी वर्षाचं मापन त्यांना 'रोजंदारी मजूर, कामावर' असंच लिहिणार. पाच-सहा महिने तोडणी केली, पुढच्या काही महिन्यांत मिळेल तेवढी खुरपणी. कामाचे महिने बेकारीच्या महिन्यांपेक्षा जास्त. एप्रिल-मे-जूनचे मोकळे दिवस कुठेही उमटत नाहीत. ते दिवसाच्या मापात उमटले असते, आणि दांतवालांच्या काळापासून ते माप हातात आहे. फक्त मथळ्यात येत नाही. बाईची नोंद तर त्याहून विरळ: तोडणीचा कोयता म्हणजे जोडपं, उचल नवऱ्याच्या नावावर, मजुरी टनावर. तिच्या वाट्याचे टन वेगळे काढलेलेच नसतात.

ज्यांना मुळातच विचारलं जात नाही त्यांची यादी छोटी आहे: लष्कर-पोलिसांच्या बराकी, शिक्षा झालेले कैदी, अनाथालयं, फिरस्ते. या लोकांनी राष्ट्रीय दर फारसा हलणार नाही. म्हणून 'आकडा कोणाला गाळतो' या प्रश्नाचं उत्तर मी या यादीत शोधत नाही. गाळलेले बहुतेक लोक पाहणीच्या आत आहेत, 'कामावर' या रकान्यात बसलेले.

उलट बाजूनं पाहिलं तर बेकार म्हणून नोंदले जातात ते कोण? २०२२-२३ मध्ये पदवीधरांत १३.४ टक्के. १५ ते २९ वयाच्या तरुणांत १० टक्के. निरक्षरांत नावापुरते. याचा अर्थ निरक्षर माणसाला या देशात काम मुबलक आहे असा कोणी काढणार नाही. घरात कोणीतरी कमावणारं असल्याशिवाय वर्षभर बेकार राहता येत नाही, एवढाच तो अर्थ. २०१७-१८ च्या पाहणीत घरं निवडताना दहावी झालेल्यांची संख्या हा निकष नव्यानं आला, म्हणून दर फुगला असं सरकारनं तेव्हा सुचवलं होतं. भारांक (प्रत्येक घराचं हिशेबातलं वजन) लावून ते सावरता येतं, त्यामुळे तो युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. पण शिकलेल्या घरात बेकारी जास्त दिसते, हे त्यामागचं निरीक्षण बरोबरच होतं.

जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचना बदलली. आता दर महिन्याला आकडा येतो, आणि तो आठवड्याच्या मापाचा असतो. पहिली पत्रिका १५ मे २०२५ ला निघाली: एप्रिलचा दर ५.१ टक्के. वर्षभरापूर्वीचा ३.२ आठवणाऱ्यांनी लगेच बेकारी वाढली म्हणून लिहायला घेतलं. २०२३-२४ चा आठवड्याच्या मापानं काढलेला दर त्याच जुन्या अहवालात, थोडी पानं उलटल्यावर सापडतो. तो ४.९ होता.